गुणाजीला समेवरून उठवताना

गुणाजी सावंत वीस वर्षं भजनात टाळ वाजवत होता आणि त्याची सम एकदाही चुकली नव्हती. बुवा आलापात वाहवत जायचे, पखवाजवाला मान डोलावता डोलावता हरवायचा. सगळ्यांना पहिल्या मात्रेवर परत आणायचं काम गुणाजीचं. असा खांबासारखा माणूस जॅझमधलं झुलतं स्विंग शिकायला निघाला, तिथेच घोळ झाला.

संपात गिरणी गेली तसा तो जुहूच्या एका हॉटेलात इस्त्रीला लागला. शेजारच्याच खोलीत पास्कल अंकलच्या बँडची तालीम चाले. ऐकता ऐकता गुणाजीच्या चादरीही झोक्यात इस्त्री होऊ लागल्या. बँडमधला युकुलेलेवाला दुबईला गेला, तेव्हा पास्कलने ते वाद्य गुणाजीच्या हातात ठेवलं.

"मेमध्ये वांद्र्याला लग्न आहे. तोवर जमलं तर खुर्ची तुझी. नाय जमलं तर मी दुसरा बघणार, सॉरी."

चारकोपच्या खोलीत त्याच्या बायकोने, वनमालाने, ते चार तारांचं प्रकरण उलटंपालटं करून पाहिलं. "ह्यां काय हाडलात? गिटारीचां पोर?"

"मोठ्या माणसांचं वाद्य आहे ते."

"मगे वाढलां कित्याक नाय?"

बोटं पंधरा दिवसांत बसली. हातही बसला: खाली येताना लांब, वर जाताना आखूड, लंगडी खेळणाऱ्या पोरीसारखा. पण पहिली मात्रा आली रे आली, की गुणाजी तिच्यावर असा काही आदळे की तारा कळवळत.

"स्विंग वाजवतोस की खिळे ठोकतोस?" पास्कल डोकं धरी. "जोर दोनवर दे, चारवर दे. एक सोड ना, मॅन!"

"सोडतो. पण मग सम धरणार कोण?"

"आमचा बासवाला धरतो! तुला काय पडलंय?"

गुणाजी मान हलवी आणि पुन्हा ठोके. जाड तारांवर खर्जातला ठेका धरणारा तो बासवाला भला माणूस होता, पण त्याचा भरवसा कोणी द्यावा?

लग्न आठ दिवसांवर आलं. दुपारी गुणाजी दारात बसून ठोकत होता, आत वनमाला तांदूळ निवडत होती. शेवटी ती उठली, खुंटीवरचे टाळ काढले आणि त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"सम मी धरतंय. तुमी जावा खंय तां भटकूक."

"तुला जमेल?"

"वीस वर्सां आयकतंय. भैरी नाय मी."

पहिल्या मात्रेवर टाळ वाजला, नेमका. दुसऱ्या फेरीतही. चौथ्या फेरीला गुणाजीचा हात सुटला. तो मागे रेंगाळला, दोनवर टिचकी मारली, चारवर हसला. घर धरायला म्हातारी असली की पोरं कशी उंडारतात, तसा तो उंडारला. समोरच्या खोलीतली शांताबाई हातात कालथा घेऊन दारात आली आणि तशीच डुलत राहिली.

परीक्षेच्या दिवशी गुणाजी वनमालाला टाळांसकट घेऊनच तालमीला गेला. बँडवाले एकमेकांना कोपरानं ढोसू लागले. दोन गाणी झाली, कोणी कोणाला ढोसेना.

"खुर्ची तुझी," पास्कल म्हणाला. मग बासवाल्याकडे बघून, "या बाईकडून काही शिक जरा."

लग्नात काळ्या कोटांच्या रांगेत एक अबोली लुगडं बसलं होतं. गुणाजी रात्रभर समेला चकवत राहिला. शेवटच्या ठोक्यावर मात्र नवराबायको एकदमच समेवर उतरले. तेवढी खोड पास्कललाही मोडता आली नाही.