नव्या कॅमेऱ्याची खंडेनवमी

रोलचा कोरा कॅमेरा विकत घेणारी हिंगोली जिल्ह्यातली शेवटची बाई बहुधा मीच असेन.

कारण आमच्या सासूबाई. त्यांच्या थोरल्या बहीण, साखऱ्याच्या मावशी, दसऱ्यानंतर मुलाकडे पुण्याला कायमच्या जाणार होत्या. दोघींचा एकत्र फोटो एकही नव्हता. म्हणजे होता, ह्यांच्या मोबाइलमध्ये. 'उद्या छापून आणतो' असं हे वर्षभर म्हणत राहिले आणि एक दिवस सिद्धेश्वरच्या धरणावर मासे बघायला वाकले. मोबाइल माशांकडे गेला!

"ते काचंतलं चित्र मला नको," सासूबाईंनी जाहीर केलं. "रोलचा फोटो पायजे. हातात धरता येते असा."

मी औंढ्यात पिठाची गिरणी चालवते. एखादी गोष्ट करायची ठरली की आधी करते. ती करण्यासारखी होती का, हे नंतर बघते. दुसऱ्याच दिवशी हिंगोलीच्या फोटोवाल्याकडे हजर झाले.

"रोलचा कॅमेरा दाखवा. नवा."

मी बैलगाडीसाठी पेट्रोल मागितलं असावं, अशा नजरेनं त्यानं माझ्याकडे पाहिलं. "ताई, नुसतं विचारून राहिल्या का घेणार?"

"घेणार."

"काहून?"

(गिऱ्हाईकाला 'काहून' विचारणारा दुकानदार मी जन्मात पहिल्यांदा पाहिला.)

"आता कोण घेते ताई? लग्नवाले समदे डिजिटल, घरचे समदे मोबाइलवर. कंपन्यांनी बनवायचंबी जवळपास सोडलं. शेवटचा विकला तवा गल्ल्यावर माझे वडील बसत होते." मग काहीतरी आठवून तो स्टुलावर चढला आणि कपाटावरून एक खोकं काढलं. "हा एक राहून गेला. कोराच हाय. गिऱ्हाईकच आलं न्हाई!"

धूळ झटकली तर खरंच कोरा. रोल त्यानं बाहेरून मागवून दिला, कसा भरायचा तेही दाखवलं. "आता ताई, एक ध्यानात ठेवा, फोटो पुरे होईस्तोवर..."

"मला मशीन कळतं," मी म्हटलं. "रोज गिरणी खोलते मी!"

तो आणखी काहीतरी सांगत होता. पण माझी एसटी लागली होती.

अष्टमीला मावशी आल्या. दोघींना ओट्यावर बसवलं. चष्मा घालायचा की काढायचा, यावर आधी भांडण झालं. मग पदर कोणत्या खांद्यावरून घ्यायचा, यावर दुसरं.

"नव्या मोबाइलवरबी एक काढून ठेवू का?" ह्यांनी हळूच विचारलं.

"खिशात ठेवा तो! वर्षभर बघितला तुमचा मोबाइल."

मी हट्टानं फोटो काढत सुटले. तुळशीपाशी, ट्रॅक्टरपाशी, गिरणीपाशी. दोघी सगळीकडे कोर्टात उभ्या केल्यासारख्या!

"मावशी, हसा की जरा!"

"फोटोत कोणी हसते का पोरी? लोक दात मोजतेत."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. आमच्याकडे चाकाचं, पात्याचं, पट्ट्याचं जे असेल ते सगळं पूजेला येतं. विळे, पाने-पकडी, शिलाई मशीन, मिक्सर. गिरणीचं तर झाकण उघडून आत कुंकू लावतो, कारण खरं काम आत होतं. आणि घरात आलेल्या नव्या वस्तूचा मान पहिला! कॅमेरा पाटावर मधोमध बसला. मी वरून बोट टेकवलं.

"आतून न्हाई लावलं?" मावशींनी विचारलं. "गिरणीला लावतीस, मंग ह्या लेकराची उपेक्षा काहून?"

"तोंडाला कुंकू आन् पोट कोरडं!" सासूबाईंनी दुजोरा दिला.

मुद्दा बराबर होता. मी कॅमेऱ्याचं मागचं झाकण फटकन उघडलं. आत रोल छान चकचकत होता. त्यावर हळद-कुंकू वाहिलं, अक्षता टाकल्या, निरांजन ओवाळलं. दारातून ऊन तर असं आत आलं होतं, की मला वाटलं, देव प्रसन्न झाला! एवढ्यात हे धावत आले. काहीतरी ओरडायला त्यांनी तोंड उघडलं, आणि मी त्यात पेढा घातला.

दसरा झाल्यावर कॅमेरा रोलसकट फोटोवाल्याकडे पोचवला. काही दिवसांनी त्याचा फोन आला. तोवर मावशी पुण्याला पोचल्या होत्या.

"ताई, रोलमधी तांदूळ कसे आले?"

"खंडेनवमी होती."

"उजेड लागला ताई. समदं गेलं."

सासूबाई रोज सकाळी 'आला का फोटो?' विचारत होत्या, आणि गुडघे धरून बसलेल्या मावशी आता पुण्याहून परत कुठल्या येतात!

"एक वाचला," तो म्हणाला. "अगदी पहिला. गुंडाळीच्या पोटात होता, तिथं ऊन पोचलं न्हाई."

पहिला फोटो मी काढला होता, हे मलाच ठाऊक नव्हतं! बटण दाबल्यावर आत काही हलतं का, हे बघायला मी कॅमेरा उलटा धरून भिंगात डोकावले होते. फोटोच्या मधोमध माझं नाक, धुरकट, घागरीएवढं. आणि मागे ओट्यावर, लख्ख, त्या दोघी बहिणी एकमेकींवर रेलून माझ्याकडे बोट दाखवून हसताहेत. अगदी दात मोजता येतील इतक्या!

सासूबाईंनी फोटो हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडलाच नाही. "आक्का कशी हसून राहिली बघ," त्या म्हणाल्या. "याचीच फ्रेम कर. मोठी."

मी शेवटचा प्रयत्न केला. "आई, पण तिघींचा फोटो लावू नये म्हणतात ना? अपशकुन असतो!"

त्यांनी फोटो लांब धरला, जवळ धरला, तिरका धरला.

"हे मधलं माणूस हाय, हे आपण न्हाई सांगितलं, तर कोणाला कळते?"

फोटो बैठकीत लागला. आजवर खरंच कोणाला कळलेलं नाही. परवा एक पाहुणे निरखून म्हणाले, "दोघी बहिणी लई छान आल्या. तेवढा मधला भोपळा उचलून ठेवायला पायजे होता!"