गलतीकर नाना

नाना आमच्या घरी बायबल वाचायला येत, पण बसून त्यांनी कधी वाचलं नाही. पडवीतल्या खांबाला टेकून ते उभे राहत, माइक चालू आहे का हे बघावं तसं पुस्तकावर बोटानं टकटक करत आणि घसा साफ करून म्हणत, "हां, तर मंडळी, काल आपण कुठवर आलतो?" मंडळी म्हणजे खाटेवर उशीला टेकून बसलेली माझी बायको करुणा आणि शेजारी खुर्चीत मी. त्यातही नानांना अभिप्रेत असलेली मंडळी म्हणजे करुणाच. माझी गत सभा संपल्यावर सतरंज्या उचलणाऱ्यासारखी होती.

आमच्या कडा गावात नानांना न ओळखणारा माणूस नव्हता. बागायती जमीन, दारात जीप आणि गावच्या प्रत्येक निवडणुकीत एक पॅनल त्यांचं, हे ठरलेलं. आमच्या ख्रिस्ती गल्लीत ते एरवी मतं मागायला येत आणि नाताळला प्रमुख पाहुणे म्हणून येत. अशाच एका नाताळला पाळकांनी त्यांना शाल-नारळाऐवजी बायबल दिलं. नानांनी ते कपाळाला लावलं आणि घरी नेऊन कपाटावर ठेवलं. पुढं त्यांची बायको गेली, मुलं पुण्याला स्थायिक झाली, शेवटची निवडणूक हातची गेली आणि त्यांच्या बैठकीत चहा पिणारी माणसं दुसऱ्याच्या बैठकीत चहा पिऊ लागली. तेव्हा कधीतरी त्यांनी ते पुस्तक खाली काढलं, धूळ झटकली आणि एका दुपारी ते बगलेत मारून माझ्या दारात उभे राहिले.

"सर, लई जाड पुस्तक हाय हे," ते म्हणाले. "पैल्या पानापासनं निघालो तर मधीच मरन मी. सुरुवात कुठनं करायची, तेवढं सांगा."

मी जन्माचा ख्रिस्ती, त्यात हाडाचा शिक्षक. बायबलातल्या सहासष्ट पुस्तकांची नावं मला क्रमानं पाठ. मी तोंड उघडणार, तोच आतून करुणाचा आवाज आला, "नाना, आधी मार्कचं शुभवर्तमान वाचा. लहान आहे, आणि त्यात कुणी एका जागी बसत नाही. तुम्हाला आवडेल."

त्यांना आवडलं. वाचून झाल्यावर ते परत आले तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. चपला काढता काढताच म्हणाले, "वैनी, आता फुडं काय?"

इथं करुणाबद्दल सांगायला हवं. साखरेच्या आजारानं तिची नजर गेली होती. त्यानंतर रोज संध्याकाळी मी तिला एक अध्याय वाचून दाखवत असे, क्रमानं, खाडा न करता. मी वाचायचो, ती ऐकायची, शेवटी 'आमेन' म्हणायची आणि मी पुस्तक मिटायचो. हजेरी घेतल्यासारखं ते वाचन होतं, पण ते आमच्या दोघांचं होतं. नाना रूथचं पुस्तक घेऊन काहीतरी विचारायला आले, विचारण्यासाठी चार ओळी मोठ्यानं वाचल्या आणि करुणा म्हणाली, "थांबू नका नाना, वाचत राहा." त्या दिवसापासून संध्याकाळ नानांची झाली.

ते वाचत कसे, तर पुढं काय होणार हे खरोखरच माहीत नसलेल्या माणसासारखे. त्यांना ते माहीत नव्हतंच म्हणा. योना निघाला एकीकडं जायला आणि गेला भलतीकडं, हे वाचल्यावर त्यांनी पुस्तक खाली केलं. "आरं, ह्यो तर पळाला की. कामावर धाडलाय आन् ह्यो बसलाय उलट्या बाजूच्या जहाजात. वैनी, आमच्या पॅनलमदी असली लई हायत." करुणा हसली. डोळ्यांना पदर लावून हसली. तिचं असं हसणं मी कितीतरी महिन्यांत ऐकलं नव्हतं, आणि योनाची गोष्ट मीसुद्धा तिला वाचून दाखवली होती.

मला हेवा वाटला. त्याला दुसरं चांगलं नाव देण्यात अर्थ नाही. दुपारभर ती मनाशी पुस्तकं चाळत बसायची, नानांना यानंतर काय द्यावं म्हणून. पाहुण्याला काय करून घालावं याचा बायका विचार करतात, तसा तिचा विचार चाले. स्तोत्रं आत्ताच नकोत, ती दुःखात लागतात. यशया त्यांना जड जाईल. मला तिनं असं निवडून कधी काही दिलं नव्हतं. मला काय द्यायचं, माझं सगळंच पाठ होतं.

गावात कुजबुज झालीच. नानांनी चतुर्थीला लिंबागणेशला जाणं काही सोडलं नव्हतं, गळ्यातली माळही तशीच होती. पण पारावर कुणीतरी त्यांना छेडलं तेव्हा त्यांनी एका वाक्यात विषय मिटवला. "वाचतोय बे, पक्ष न्हाई बदलला." ही हकीकत करुणाला इतकी आवडली की ती तिनं मलाच तीनदा ऐकवली.

एकदा करुणाला ताप होता आणि ती झोपली होती. नाना दारातूनच हळू आवाजात म्हणाले, "सर, आजच्या दिस तुमीच सांगा. फुडं काय?" मी क्षणाचाही विचार न करता म्हणालो, "गणना." मुरलेले ख्रिस्ती लोकही जे पुस्तक पानं उलटत पार करतात, ते हे. कुळांची नावं, माणसांची मोजदाद, पुन्हा नावं. मनात म्हटलं, आता बघू किती दिवस टिकतात.

दुसऱ्या दिवशी नाना नेहमीच्या वेळेआधी आले. चेहरा फुललेला. "सर, हे आधी कावून न्हाई दिलं मला? आवो, ही तर मतदार यादी हाय." आणि खांबाला टेकून त्यांनी ती यादी अशी काही वाचली की गल्लीतली दोन माणसं पडवीच्या कडेला येऊन बसली. कुठल्या भावकीत किती माणसं, कुणाचा तंबू पूर्वेला, कुणाचा पश्चिमेला, कोण पुढं चालणार आणि कोण मागं. "ह्यो मोशे लई पक्का माणूस," ते म्हणाले. "रानात हिंडतोय, पन गट फुटू देत न्हाई." ताप उतरलेली करुणा उशीला टेकून ऐकत होती. "अहो," ती मला म्हणाली, "तुम्ही वाचताना हे असं काही नव्हतं." मी पाणी प्यायच्या निमित्तानं आत गेलो.

मग तो गलतीकरांचा दिवस आला. नाना म्हणाले, "आज कुनाला इचारायचं न्हाई. ह्या टायमाला मी सोताच निवडलंय." अनुक्रमणिकेतून बोट फिरवता फिरवता त्यांना ते सापडलं होतं. त्यांनी नाव सावकाश वाचलं. "गलतीकरांस पत्र. वैनी, बगा, कुनीतरी गलती करणाऱ्यांना पत्र लिवलंय. हे मपल्या नावाचं पत्र हाय." त्या दिवशी टकटक नाही, 'तर मंडळी' नाही. नाना पहिल्यांदाच खाली, पायरीवर बसले.

"मपला धाकटा भाऊ उभा व्हता एका निवडणुकीला," ते म्हणाले. "माझ्याच इरोधात. त्याला पाडायला मी त्याच्याच मेव्हण्याला उभा केला. पडला. मंग बोललाच न्हाई कधी, आन् तसाच गेला. त्याच्या मातीला मी लांब, बोरीखाली उभा व्हतो. जवळ जायला न्हाई झालं."

आवाजाच्या रोखानं करुणानं हात पुढं केला आणि तो खाटेच्या कडेवर तसाच ठेवला. मी त्या हाताकडं बघत होतो. आणि बघता बघता मी म्हणालो, "नाना, गलती म्हणजे चूक नव्हे. गलतिया नावाचा प्रांत होता. तिथले राहणारे ते गलतीकर. आपल्याकडं बीडकर म्हणतात, तसं."

नानांनी पुस्तकाकडं पाहिलं. "आसं व्हय," एवढंच म्हणाले. पुस्तक मिटलं, चपला घातल्या आणि निघाले.

"कशाला सांगितलं तुम्ही?" करुणानं विचारलं.

"चुकीचं वाचत होते."

"मला ते माहीत नव्हतं का?" ती म्हणाली आणि भिंतीकडं कूस वळवून पडली.

नाना यायचे थांबले. संध्याकाळ मला परत मिळाली. मी खुर्ची खाटेजवळ ओढून वाचायला लागलो, तर करुणा म्हणाली, "आज नको." दुसऱ्या दिवशीही नको. आठवडा असा गेल्यावर मी नानांच्या घरी गेलो. भल्यामोठ्या बैठकीत ते एकटेच बसले होते.

"सर, तुमचं बरूबर हाय," ते म्हणाले. "त्या गावचा आपण न्हाईच."

मला खूप काही बोलता आलं असतं. मी म्हणालो, "करुणानं बोलावलंय." तिनं बोलावलं नव्हतं. ती माझ्याशी धड बोलतच नव्हती.

"वैनीला म्हाईत व्हतं का, ते प्रांताचं?"

"होतं."

"आन् तरी बोलल्या न्हाईत." ते उठले, खुंटीवरची टोपी घेतली. तिच्या नुसत्या न बोलण्यानं त्यांचा चेहरा उजळला होता, आणि त्यांना आणायला म्हणून गेलेला मी वाटभर पुन्हा जळत आलो. त्या संध्याकाळी त्यांनी ते पत्र अखेरपर्यंत वाचलं, चुकलेल्या माणसांना लिहिलेलं असल्यासारखंच. ते तसंही वाचता येतं, हे मला आयुष्यभर ऐकून कळलं नव्हतं.

पुढं त्यांच्या छातीत दुखू लागलं आणि मुलं त्यांना पुण्याला घेऊन गेली. मला वाटलं, संपलं. पण गेल्याच्या दुसऱ्या संध्याकाळी करुणा म्हणाली, "अहो, नानांना फोन लावा. पुढं काय वाचायचं ते सांगायचं राहिलं." फोनवरून तिनं सांगितलं, आणि पलीकडून नाना वाचूच लागले. मग ते रोजचंच झालं. स्पीकरवर आवाज फाटायचा, तिच्या हाताला कंप होता, म्हणून फोन मी धरायचो. माझ्या बायकोच्या कानाशी दुसऱ्या माणसाचा आवाज धरून मी रोज संध्याकाळी उभा असायचो. हात अवघडला की हात बदलायचो. चरफडायचो, पण फोन कधी हलू दिला नाही.

परवा संध्याकाळी वाचनाच्या वेळेलाच फोन वाजला. करुणा सावरून बसली आणि तिनं कानावरचे केस मागं सारले. फोनवर नानांचा मुलगा होता. नाना दुपारी गेले होते.

मी तिला सांगितलं. गल्लीतून कुणीतरी शेळ्या नेत होतं, तो आवाज दूर गेला. मग तिनं विचारलं, "काल कुठवर आलो होतो हो आम्ही?"

"एस्तेर," मी म्हणालो. "राजाला झोप येत नाही, तिथवर. 'ऱ्हाऊ द्या त्याला जागा, फुडचं उद्या,' असं म्हणाले होते."

तिनं चेहरा माझ्याकडं वळवला. "तुम्ही ऐकत होता?"

"रोज."

"मग आता तुम्ही वाचा," ती म्हणाली.

हे चार शब्द तिच्या तोंडून ऐकायला मी किती दिवस झुरलो होतो. मी पुस्तक उघडलं, पान सापडलं, आणि मला रडू आवरेना.