टाळ येत न्हाईत

आमच्या घरी स्पीकरच्या डब्यांचे तीन जोड झाले आणि पहिल्या दोन्ही वेळा मी नवऱ्याशी कडाकडा भांडले. आता माझं भांडण म्हणजे समोर उभं राहून नसतं. चुलीपुढं भाकरी थापत, पाठमोरीच तोंडाचा पट्टा सुरू. माहेरीसुद्धा सगळे टरकून असायचे मला.

हे सहकारी साखर कारखान्यात होते, ऊस चिरडणाऱ्या मिलवर. तिथं आवाज असा, की शेजारच्या माणसाशीही हातवारे करून बोलावं लागे. मग पाऊस पडेना झाला. होता तो ऊस चारा छावणीतल्या जनावरांपुढं गेला आणि सलग दोन हंगाम बॉयलर पेटलाच नाही. माणूस घरी बसला. बसून बसून करणार काय? केजच्या एका मिस्त्रीकडून ह्यांनी फुल रेंज स्पीकरची जोडी आणली. "एकाच स्पीकरातून जाडा, बारीक, समदा आवाज येतो. डबा तेवढा नीट पायजे," म्हणाले.

डब्यासाठी फळ्या कुठल्या काढाव्यात? माझ्या माहेरच्या सागवानी कपाटाच्या! मी चुलीपुढून असा शिमगा केला, की शेजारीण डोकावून गेली. हे आपले गालात हसत रंधा मारतायत. म्हटलं, कोडगा माणूस! तरी आत भरायच्या कापसातली सरकी निवडून दिली मीच. फळ्यांना सरस लावून, चऱ्हाटानं आवळून त्यांनी पहिला जोड उभा केला.

भजनाची कॅसेट लावली. मृदंग असा घुमला, की मांडणीतल्या ताटल्या थरथरल्या. हे मात्र तोंड पाडून बसले. "टाळ कुठायत? टाळ येत न्हाईत." डबा लहान झाला, असं त्यांचं म्हणणं. दुसरा जोड मोठा केला. तेच रडगाणं. मला तर टाळ चांगले ऐकू येत होते. मला वाटलं, कारखाना बंद, वेळ जात नाही, म्हणून खुसपट काढतायत.

त्याच आठवड्यात टँकर आला. मी चौकातून बोंबलले, "अहो, पिंप आणा, पिंप!" घर चार पावलांवर, दार सताड उघडं. हे जागचे हलले नाहीत. दोन दिवस हंडाभर पाण्यावर काढले आम्ही. तेव्हा मी त्यांना काय काय बोलले, ते आठवलं की जीभ झडावी वाटते.

शेवटी मिस्त्रीलाच बोलावलं. बिचारे जीपनं आले, कॅसेट ऐकली, मान डोलावली. निघताना दारात मला हळूच म्हणाले, "भाभी, डब्ब्यात खोट न्हाई. टाळ खणखणीत वाजायलेत. भाईचे कान दाखवा डाक्टरला. मिलवाल्यांचं असंच हुतं, बारीक आवाज आधी जातेत."

पिंप आणा म्हणून मी कुणाला ओरडत होते, अगं बाई!

आत आले तर ह्यांनी विचारलं, "काय म्हणला?" मला सांगवेना. टाळ येत नाहीत, डबाच बदला, असं हातानंच दाखवलं. साफ खोटं. ह्यांचा चेहरा केवढा खुलला! "बघ, म्हणलो नव्हतो?" आणि लगेच फळी आखायला बसले.

तिसरा जोड लई देखणा झाला. कडा गोल घासलेल्या, सांधा शोधून सापडेना. कॅसेट लावली. ह्या वेळी हे स्पीकरकडं बघेचनात, माझ्या तोंडाकडं बघत बसले. टाळ सुरू झाले आणि माझ्या डोळ्यांना धार लागली.

"वाजायलेत ना?"

मी मान डोलावली.

"पयल्या डब्यातबी?"

पुन्हा डोलावली. काय करणार?

त्यांनी उठून टेप बंद केला. डब्यावर हात ठेवून उभे राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, कारखाना बंद पडला म्हणून तुला माझी दया आली. दोन साल झाले, तू एकदाबी भांडली न्हाईस माझ्यासंगं."

त्या दोन वर्षांत मी एक दिवस गप्प बसले नव्हते.