सात जणांचं एकशेवीस-ऐंशी

एकशेवीस-ऐंशी हा आकडा मी आयुष्यात इतक्या वेळा लिहिलाय की माझं पेन तो आपसूक काढतं. पेणला रामवाडीत माझा दवाखाना आहे. सव्वीस वर्षं झाली. औषधाइतकेच लोक माझ्याकडे दाखल्यांसाठी येतात. कुणाला कंपनीत लागायचं असतं, कुणाला रजा वाढवून हवी असते, कुणाच्या पोराला सहलीला जायचं असतं. ज्याच्या आजीला मी शेवटची सलाइन लावली आणि ज्याच्या पोरीच्या कांजिण्या मी बऱ्या केल्या, त्याला समोर बसवून ‘जीभ दाखवा’ म्हणायचं मला जिवावर यायचं. ओळखीचा माणूस म्हणजे तब्येतीने ठणठणीत, असा माझा एक खास वैद्यकीय सिद्धांत होता. तो कुठल्या पुस्तकात नाही, हे बरंच आहे.

सायकल माझ्या आयुष्यात उशिरा आली. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी वजनाचा काटा बघून मीच मला सल्ला दिला आणि आश्चर्य म्हणजे पाळला. नवरा म्हणाला, “पंधरा दिवस. मग तिच्यावर टॉवेल वाळत पडतील.” त्या खुन्नशीवर मी पहिलं वर्ष काढलं. आमचा सहा-सात जणांचा कंपू दर रविवारी पहाटे रामवाडीहून निघायचा. वडखळ, नागोठणं, मग भिसे खिंडीचा चढ आणि पलीकडे रोहा. खिंडीच्या माथ्यावर रोह्याहून एकटे चढून आलेले सर आमची वाट बघत बसलेले असायचे.

सर म्हणजे रोह्याच्या एका शाळेत गणित शिकवणारे, निवृत्तीला वर्ष राहिलेले, काटकुळे गृहस्थ. मला चढ चढायला त्यांनी शिकवलं. पहिल्यांदा मी त्या खिंडीत सायकल ढकलत आले तेव्हा बाकीचे हसले, सर हसले नाहीत. म्हणाले, “म्याडम, चढ बघूच नका. पुढचं चाक बघा. चाकाला चढ कळत नाय.” पुढच्या चार रविवारांत मी न उतरता माथा गाठला. तेव्हा ते माझ्यापेक्षा जास्त खूश झाले.

माथ्यावर पोचलं की ते सायकल कठड्याला टेकवायचे. नेहमी डाव्या अंगाने, म्हणजे उजवीकडच्या साखळीला माती लागू नये. मग पिशवीतून सोड्याची पुडी काढून पाण्यात घालायचे आणि छाती चोळत गटागटा प्यायचे. “कालचे वाल बाधले,” म्हणायचे. पुढच्या रविवारीही वालच बाधलेले असायचे. उन्हाळ्यात वाल, पावसाळ्यातही वाल. मी, एवढी शिकली-सवरलेली डॉक्टर, त्यांना म्हणायचे, “सर, एक तर वाल सोडा, नाय तर वहिनींना सोडा.” सगळे हसायचे. सर सगळ्यात मोठ्याने हसायचे.

हिमालयात दरवर्षी एक शर्यत होते. खालच्या बाजारपेठेतून निघायचं आणि वरच्या खिंडीत जाऊन थांबायचं. मध्ये उतार असा नाहीच, नुसता चढ आणि वर वर विरळ होत जाणारी हवा. सर कितीतरी वर्षं तिचं नाव घ्यायचे. “निवृत्तीच्या आधी एकदा,” म्हणायचे. त्या वर्षी आम्ही सातही जणांनी अर्ज भरले. आम्ही खाडीच्या पाण्याला पाय लावून वाढलेली माणसं. भिसे खिंड चढलो म्हणजे आभाळाला हात लागला, अशी आमची समजूत होती.

अर्जासोबत डॉक्टरांचा दाखला हवा होता. नाडी, रक्तदाब, छाती तपासली, हा इसम अतिउंचीवर श्रम करण्यास योग्य आहे, वगैरे. एका दुपारी दवाखान्यातल्या बाईंनी माझ्यापुढे कागदांचा गठ्ठा ठेवला. “म्याडम, तुमच्या त्या शायकलवाल्यांचे कागद हायेत. रोह्याच्या सरांचा पन हाय. ते सोता नाय आले, कुनाच्या तरी हाती धाडलाय.”

बाहेर तापाचे पेशंट ताटकळले होते. मी सहा कागदांवर सहा वेळा एकशेवीस-ऐंशी लिहिलं, सहा वेळा नाडी बहात्तर लिहिली, सह्या केल्या आणि शिक्के बाईंना मारायला सांगितले. पाच मिनिटंही लागली नसतील. माझा स्वतःचा दाखला समोरच्या गल्लीतल्या डॉक्टर मित्राने दिला. तोही एकशेवीस-ऐंशी. मला रोज सकाळी रक्तदाबाची अर्धी गोळी लागते हे त्याला माहीत होतं आणि मलाही. दोघांनी चहा घेतला.

शर्यतीच्या दिवशी ऊन लख्ख होतं आणि थंडी दातात वाजत होती. दोन दिवस आधी जाऊन आम्ही हवेची सवय करून घेतली होती. तरी पहिल्या तासाभरातच मला कळलं की इथे श्वास ही फुकटची गोष्ट नाही. चार पायडल मारली की थांबून हवा गोळा करावी लागत होती. सर पुढे निघून गेले होते. मी चढ बघत नव्हते. पुढचं चाक बघत होते.

माथा दोन-तीन वळणांवर राहिला असताना मला कठड्याला टेकवलेली सायकल दिसली. डाव्या अंगाने, साखळी बाहेर. शेजारी सर बसले होते. मला वाटलं, माझ्यासाठी थांबलेत. मी लांबूनच ओरडले, “काय ओ सर, इथे पण वाल बाधले का? उठा, माथा आला!”

हे मी बोलले. हे शब्द माझ्या तोंडून गेले. आज इतक्या दिवसांनीही भांडी घासताना, गाडी चालवताना अचानक आठवतात.

सर म्हणाले, “आलोच.” पण उठले नाहीत. मी जवळ गेले. त्या थंडीत त्यांच्या कपाळावरून घाम निथळत होता. ओठ राखाडी झाले होते आणि डावा हात त्यांनी मांडीवर असा ठेवला होता, जणू तो त्यांचा नसावाच. मी सायकल रस्त्यात टाकली. त्या क्षणी मी हादरले हे खरं, पण हात शिकवल्याप्रमाणे चालले. माझ्या पिशवीतली ॲस्पिरिनची गोळी चावायला लावली, स्वयंसेवकाला वायरलेसवर ओरडायला सांगितलं, प्राणवायू घेऊन गाडी आली, त्यांच्याबरोबर मी खाली गेले. माथा मी पाहिलाच नाही. त्याचं काही नाही.

खालच्या रुग्णालयात एक तरुण डॉक्टर मुलगी होती. हृदयविकाराचा झटका, मोठा. तिने झपाझप सगळं केलं आणि सर वाचले. संध्याकाळी तिने मला बोलावलं. आयोजकांनी आमच्या गटाची फाइल रुग्णालयात पाठवली होती. तिने टेबलावर सात दाखले पत्ते मांडावेत तसे शेजारी शेजारी मांडले होते. सहांवर माझं नाव, माझा शिक्का. ती आवाज न चढवता म्हणाली, “मॅडम, आपके गाँव में सबका बीपी एक ही है क्या?”

माझ्या लेकीच्या वयाची मुलगी, आणि तिच्यासमोर मी कॉपी पकडलेल्या पोरासारखी उभी होते. तिने कागद गोळा करून फाइलमध्ये ठेवले आणि राउंडला गेली. तिने मला आणखी झापायला हवं होतं.

सरांच्या हृदयाचा एक भाग कायमचा गेला होता. आता चढ नाही, सायकल नाही, जिनासुद्धा जपून. आम्ही त्यांना रोह्याला घेऊन आलो.

आणि पेणमध्ये काय झालं? माझा सत्कार झाला. आमच्या कंपूने हॉल घेतला. ‘प्रसंगावधान दाखवून प्राण वाचवणाऱ्या’ अशी माझी ओळख करून दिली. शाल दिली, नारळ दिला. मी ती शाल अंगावर घेऊन फोटोला उभी राहिले. तोंड उघडून खरं सांगायचं होतं, पण लोक टाळ्या वाजवत होते आणि मी हसले. माझी मलाच शिसारी आली. घरी आल्यावर नवऱ्याला नारळ फोडू दिला नाही. तो अजून फ्रीजवर पडून आहे.

पुढच्या रविवारी मी गाडीने रोह्याला गेले. खिंडीत थांबले नाही. सरांना आणि वहिनींना सगळं सांगायचं, माफी मागायची, आणि त्यांनी घराबाहेर काढलं तर निघून यायचं, असं ठरवलं होतं. वाटेत वडखळला शहाळी घेतली. माफी मागायला जाताना शहाळी कशाला, ते मलाही कळलं नाही.

सर पलंगावर उशीला टेकून बसले होते. अंगातला शर्ट मोठा झाला होता. वहिनींनी माझे दोन्ही हात धरले. “ताई, तुम्ही होतात म्हणून माझं कुंकू राहिलं. मी त्यांना पाठवायला तयारच नव्हते. सारखी छाती जळजळते म्हणून किती भांडले. मग त्यांनी तुमचा कागद आणून माझ्यापुढे ठेवला. म्हणाले, ‘पेणच्या म्याडमनी तपासलंय, आता बोल.’ तुमचा शिक्का बघितला आणि मी गप्प बसले. मग मीच त्यांची बॅग भरली.”

मी शहाळ्यांची पिशवी खाली ठेवली.

मी म्हटलं, “वहिनी, मी तपासलं नव्हतं. ते आलेच नव्हते. मी नुसती सही केली.”

त्यांना कळलं नाही. त्या नवऱ्याकडे बघू लागल्या, ते काही तरी समजावून सांगतील म्हणून. सर उशीवर थोडे वर सरकले आणि मला म्हणाले, “म्याडम, तुम्ही कशाला मनाला लावून घेता? चूक माझी हाय. इथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी, तो ईसीजी, काढून आणा म्हनून सांगितलेलं. पट्टी काढली असती तर त्यांनी जाऊ दिलं असतं? म्हनून तर कागद तुमच्याकडे धाडला. सगल्यांना ठाऊक हाय, तुम्ही बघत नाय, सही करता. तुमचा स्वभावच तसा. मोठ्या मनाचा.”

ते मनापासून माझी समजूत घालत होते. मी सव्वीस वर्षं ज्याला माझा चांगुलपणा समजत होते, तो पेणपासून रोह्यापर्यंत लोकांना असा ठाऊक होता. ज्याला खरं डॉक्टरला दाखवायचं नसेल, त्याने माझ्याकडे यायचं. ते पहाडातलं टेबल, ते सात कागद, त्या मुलीचा प्रश्न, सगळं यापुढे काहीच नव्हतं.

वहिनी उभ्या होत्या. त्या रडल्या नाहीत की ओरडल्या नाहीत. त्यांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. मग मला विचारलं, “मशीन आणलंय?”

“गाडीत आहे.”

“मग शहाळी वर आणलीत, ते का नाय आणलं?”

मी खाली गेले आणि रक्तदाबाचं मशीन घेऊन आले. सर म्हणाले, “अगो, राहू दे आता...” वहिनींनी त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मी सरांच्या दंडाला पट्टा बांधला, स्टेथोस्कोप कानात घातला, हवा भरली आणि सोडली.

“एकशेअठ्ठेचाळीस, ब्याण्णव,” मी म्हटलं.

वहिनींनी हात पुढे केला. “परत करा. मला ऐकू दे.”

मी माझ्या कानातला स्टेथोस्कोप काढून त्यांच्या कानात घातला. काटा हळूहळू खाली येताना कधी ठोका सुरू होतो आणि कधी थांबतो, ते समजावून सांगितलं. त्या पलंगाशी वाकल्या. एक हात त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर ठेवला आणि डोळे काट्यावर. मी हवा भरली, सोडली. काटा उतरू लागला आणि एका जागी त्यांचा चेहरा बदलला. नवऱ्याच्या रक्ताचा आवाज त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या. आवाज थांबेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

“दीडशेला सुरू झालं,” त्या म्हणाल्या. “तुम्ही अठ्ठेचाळीस म्हणालात.”

मी पिशवीतून कागद काढला आणि वहिनींचा आकडा लिहिला.