दुसरं वासरू इस्यांगचं

इस्यांगशी गोड बोलणारं माणूस आमच्या वाडीत अजून जन्माला यायचं आहे. आम्हा फिलिपिन्सच्या बातांगास प्रांतातल्या लोकांचं साधं बोलणंही परक्याला भांडण वाटतं, हे खरं. पण इस्यांग बोलू लागली की आम्हालाही भांडण वाटतं, आणि ते असतंच. तिच्या, आता लग्न होऊन दूर गेलेल्या, मुलीच्या बाप्तिस्म्याला मी धर्ममाता झाले, म्हणून ती मला ‘कुमारे’ म्हणते. देवासमोर जोडलेलं नातं, तोडता येत नाही.

नवरा गेला तेव्हा तिच्या पदरी एक झोपडी, एक कोयता आणि थोरल्या दिराची गाय राहिली. हा दीर म्हणजे मोहेंग. थोरल्या पुरुषाला आमच्याकडे ‘कुया’, म्हणजे दादा, म्हणतात, तशी ती त्यालाही म्हणते. गाय पाइवीवर दिलेली, म्हणजे जनावर मालकाचं, घाम राखणाऱ्याचा. पहिलं वासरू मालकाचं, दुसरं राखणाऱ्याचं, तिसरं पुन्हा मालकाचं. हे कुठं लिहिलेलं नसतं. अख्ख्या वाडीला ठाऊक असतं, तेवढं पुरतं.

गाय वयानं कोवळी, पहिलारू. तिची स्वतःची वाढ पुरी व्हायच्या आतच मोहेंगनं तिला वळू दाखवला होता, कारण त्याला कसायाच्या बाजारासाठी वासरं लवकर हवी होती. गोऱ्हा झाला तो दांडगा. गाय मात्र अशी झडली की तिच्या बरगड्यांवर कपडे वाळत घालावेत. पाऊस सरून कोरडे महिने लागलेले. माळावर गवताची काडी नाही, आणि गोऱ्हा दिवसभर आईला लोंबकळलेला.

एके सकाळी मोहेंग आला. दाराशी उभं राहूनच म्हणाला, “काय गं इस्यांग, कोंडा गाईला घालतेस की भातात कालवून तूच खातेस?”

“तुमच्या गोऱ्ह्याला विचारा, कुया. आईला पिऊन पिऊन पिंप झालाय नुसता.”

“या हाडांचा रस्सा करायचा म्हटलं तर मांस बाजारातून विकत आणावं लागेल! व्यायल्यापासून एकदा तरी माजावर आलीय का? अशी वांझोटी पोसत नाही मी. ईस्टर होऊ दे, ट्रकात घालतो हिला.”

तो गेल्यावरही इस्यांग किती वेळ गाईच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. गाय गेली की दुसरं वासरूही गेलं. स्वतःच्या मालकीचं जनावर तिनं जन्मात कधी बांधलं नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं कोयता परजला. पहाटे उठून उसाच्या फडातून वाढं आणायची, घाटाखालून सुबाभळीचा पाला आणायची. गिरिपुष्पाचा पाला तर तिनं माझ्या कुंपणाचाच तोडला, न विचारता, पार खुंट होईपर्यंत. माझ्या कोंबड्या रस्त्यावर. मी जाब विचारला तर म्हणते, “कुमारे, झाडं देवानं लावली ना? मग देवाला सांग रागवायला.”

सुबाभूळ चांगली म्हणून तिनं ती भारंभार घातली. ती अति झाली तसे गाईच्या शेपटीचे केस झडून गेले, नुसती दोरी राहिली. मोहेंग रस्त्यावरून हसला, “वा! चरबी चढत नाही म्हणून आता भादरायला घेतलीस होय!” इस्यांगनं उत्तरादाखल शेणाची पाटी भिरकावली. पण त्या दिवसापासून सुबाभूळ मूठभर, बाकी वाढं, कोंडा, खोबऱ्याची पेंड आणि मीठ.

तरीही अंग धरेना. चारलेलं सगळं दुधात उतरायचं आणि दूध गोऱ्ह्याच्या पोटात. मग तिनं गोऱ्ह्याला परसात वेगळं बांधलं. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा आईला पाजायची, बाकी वेळ त्यानं गवत चघळायचं. गोऱ्ह्यानं असा गळा काढला की मोहेंगला घरी बसून ऐकू आलं. आलाच धावत.

“माझं वासरू उपाशी मारतेस, चेटकिणी?”

“तुमचं वासरू माझं वासरू खातंय!”

“तुझं? तुझं कुठलं आलं?”

“पोटात यायचंय ते!”

वाडी गोळा झाली. त्यानं तिची आई काढली, तिनं त्याचा बाप काढला. तो बाप तिचाही सासरा, हे दोघंही विसरले. शेवटी मोहेंगनं दावं कापलं. “ठेव तुझी हाडकुळी! माझं मी नेतो. माझी बायको पाजेल त्याला पेज!” आणि गोऱ्ह्याला ओढत निघाला. इस्यांग वळणापर्यंत मागं मागं शिव्या देत गेली. परत आली, आमच्याकडच्या रीतीनं भातावर काळी कॉफी ओतली, सुका मासा कुस्करला आणि पोटभर जेवली. मला नवल वाटलं. मी विचारलं, “तू मुद्दाम चिडवलंस का गं त्याला?”

“तू तुझी माळ जप,” एवढंच म्हणाली.

गाय हंबरून हंबरून बसली, मग आटली. गोऱ्हा तुटला आणि चारलेलं अंगी लागू लागलं. आधी कमरेची खोबणी भरली, मग बरगड्या बुजल्या, कातडीवर तेल चोळल्यासारखी चकाकी आली. ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी चर्चमधल्या मिस्सेहून परतताना मोहेंग कुंपणाशी थांबला. त्याचे डोळे मी पाहिले. गाय बरी झाली म्हणजे आता तिला भाव येणार होता.

“ईस्टरच्या सोमवारी ट्रक आणतो,” तो म्हणाला. “आयती पोसलीस. देव तुझं भलं करो.”

पाइवीची आणखी एक रीत आहे. वळू दाखवलेली गाय, ती गाभण आहे की नाही कळेपर्यंत, आणि गाभण ठरली तर वासरू होईपर्यंत, मालकाला काढून नेता येत नाही. म्हणजे सोमवारच्या आत गाय माजावर यायला हवी होती. मधल्या आठवड्यातले सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार गेले, काही नाही. शुक्रवारी सकाळी गाय हंबरली. शेपटी उचललेली, मागं चिकट स्रावाचा सोट, म्हणजे माजावर आली. तो गुड फ्रायडे होता.

आमच्याकडे त्या दिवशी चूल मंद ठेवतात, मोठ्यानं बोलत नाहीत, मुलांना पळू देत नाहीत. देव मेलेला असतो. वाडीत वळू एकच, तेम्योंगचा. तेम्योंगनं तिला दारातूनच हाकललं, “आजच्या दिवशी? इस्यांग, तू माणूस आहेस की जनावर?”

“माज सोमवारपर्यंत थांबत नाही, कुया.”

“मग नरकात जा, तिथं थांबेल.”

ती माझ्याकडे आली. म्हणाली, “कुमारे, तू साक्षीला चल. माझ्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही.” मी दार लावून घेतलं. आज विचारलं तरी लावीन.

दुपारी ख्रिस्ताच्या शवपेटीची मिरवणूक निघाली. मोहेंग पेटीच्या पुढच्या दांडीला, तेम्योंग त्याच्या मागं, आम्ही बायका काळ्या कपड्यांत मेणबत्त्या घेऊन. तेम्योंगच्या शेताशी आलो तर कुंपणाची काठी काढलेली, आणि आत इस्यांग गाईचं दावं धरून उभी. वळूला कुणाच्या परवानगीची गरज नव्हती.

प्रार्थना जागच्या जागी थांबली. “देव मेलाय आणि ही गाईचं लग्न लावतेय!” कुणीतरी किंचाळलं. ढेकळं सुटली. एक तिच्या कपाळाला लागलं, रक्त आलं, पण तिनं दावं सोडलं नाही. पेटीची दांडी खांद्यावर म्हणून मोहेंगला हलता येईना. तो नुसता ओरडत होता, “उतरवा त्याला! अरे, खाली उतरवा त्या वळूला!” मी डोळे मिटले होते, पण सगळं पाहून झाल्यावर.

सोमवारी मोहेंग ट्रक आणि माणसं घेऊन आला. “सोड गाय.”

“वळू दाखवलाय.”

“कोण म्हणतं?”

“तुम्ही, कुया. वळूला उतरवा म्हणून पेटीखालून कोण बोंबलत होतं? अख्ख्या वाडीनं ऐकलंय.”

ट्रकवरची माणसं खो खो हसली. मोहेंग माझ्याकडे वळला. “तू देवाची बाई. तू सांग.”

मला तिचा इतका संताप आला होता की तोंड बघवत नव्हतं. पण विचारलं ते खरं की खोटं, एवढंच होतं. “पाहिलं,” मी म्हटलं. “पाप केलं तिनं. पण वळू लागला, हे पाहिलं.”

ट्रक रिकामा गेला. इस्यांगनं माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. पाद्रींनी तिला बोलावून फैलावर घेतलं. बायकांनी तिच्याशी बोलणं टाकलं, तसं ते आधीही फारसं नव्हतं.

तीन आठवड्यांनी पुढच्या माजाचे दिवस आले तसा मोहेंग रोज सकाळी तिच्या दारावरून जाऊ लागला. गाय हंबरते का, हे ऐकायला; हंबरली तर गाभण नाही, आणि मग तो ट्रक आणायला मोकळा. गाय निवांत रवंथ करायची. एकदा तो कुंपणाला टेकून फारच वेळ उभा राहिला. आतून इस्यांगचा आवाज आला, “बाहेरून काय कान लावताय, कुया? आत या. माझं वासरू इथं पोटात आहे.”

तो तिच्या उंबऱ्यावर थुंकला आणि गेला.