निःस्वार्थ सेवेचा सत्कार

ऑस्ट्रेलियातल्या एका दातांच्या डॉक्टरीणबाईंचं ऑफिस मी बरीच वर्षं दारव्ह्यातल्या माझ्या मागच्या खोलीतून चालवलं. त्यांच्या मेलना उत्तरं द्यायची, पेशंटना वेळ द्यायची, बिलं पाठवायची. जगात या धंद्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात. दारव्ह्यात घरी बसणं म्हणतात. मग बाईंनी एक सॉफ्टवेअर घेतलं आणि मला इतक्या सुंदर भाषेत निरोप दिला की तोही बहुधा सॉफ्टवेअरनंच लिहिला असावा.

"चार लोकायत जा आता," बायको म्हणाली. "घरात बसून कोन इचारते?"

तिचं बरोबर होतं. एखादं गिऱ्हाईक लवकर मिळालं नाही तर मला कोणाच्या तरी दुकानात काउंटरवर उभं राहावं लागणार होतं. म्हणून मी व्यापारी मंडळाच्या रविवारच्या बैठकीला गेलो.

मंचावर सोफे होते, खाली प्लास्टिकच्या खुर्च्या. मान्यवर इतके होते की खाली ऐकायला माणसं कमी पडत होती. प्रत्येक मान्यवराचं स्वागत दुसऱ्या मान्यवरानं केलं, मग त्यानं पहिल्याचं. अध्यक्षांचं सिमेंट-लोखंडाचं दुकान होतं आणि आवाजही त्याच मालाचा. नवीन सदस्य म्हणून त्यांनी मला उभं केलं.

"मी घरून दुसऱ्यांच्या ऑफिसची कामं करतो," मी म्हणालो.

"म्हणजे घरीच राह्यता."

"घरून काम करतो."

"तेच म्हनून राह्यलो ना मी. रिकामे आहा. मंडळाले असाच मानूस पायजे होता."

लोक हसले. आलुबोंडे आले. माझी ओळख करून देणं संपलं होतं.

त्या दिवसापासून मंडळाचा सगळा पत्रव्यवहार माझ्याकडे आला. बैठकीचे निरोप, वाढदिवसांच्या शुभेच्छा, आरोग्य शिबिराची नोंदणी, मेलेल्या सदस्यांना श्रद्धांजली. एकदा अध्यक्षांनी श्रद्धांजली आणि वाढदिवस हे दोन्ही फोटो एकत्र पाठवले आणि कोणता कशाचा ते सांगायचं विसरले. मी फोन करून विचारलं. "चेहऱ्यावरून समजत नाई का?" ते म्हणाले. खरंच समजत नव्हतं.

मी हे फुकट करत होतो, पण भोळेपणानं नाही. काम दिसलं की माणूस दिसतो, असा माझा हिशेब होता. तो बरोबरही निघाला. रक्तदान शिबिरात पांढरकवड्याचे कापसाचे एक जिनिंगवाले आले होते. रक्तदात्यांना आदल्या दिवशी आठवण, सकाळी वेळ, नंतर आभार, हे सगळं आपोआप मोबाइलवर येताना त्यांनी पाहिलं. मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, हे तुमी करता? माह्या ऑफिसात सावळा गोंधळ आहे. असा मानूस मले महिन्याच्या पगारावर पायजे. घरूनच करा. वार्षिक कार्यक्रमाले येतो, तेव्हा पक्कं करू."

घरी येऊन मी बायकोला सांगितलं. तिनं बऱ्याच दिवसांनी मला गरम पोळी वाढली.

वार्षिक कार्यक्रमाच्या आठवड्यात अध्यक्षांचा फोन आला. सत्काराचं बॅनर करायचं होतं.

"कोणाचा सत्कार?"

"तुमचा. फोटो तुमच्यापाशी असनच. लिहा, निःस्वार्थ समाजसेवक. एक रुपया न घेता मंडळाची अखंड सेवा."

माझ्या लक्षात आलं की हे माझ्याच गळ्याशी येत आहे. मी बॅनरवर नावाखाली बारीक अक्षरांत 'व्यावसायिक कार्यालयीन सेवा' एवढंच लिहून पाठवलं. लगेच फोन आला.

"भाऊ, समाजकार्याच्या कार्यक्रमात जाहिरात कायले? लोक काय म्हनतीन? काढा ते."

"तो माझा धंदा आहे."

"धंदा आमचा आहे. तुमची सेवा आहे. तुमाले समजत नाई, किती मोठा मान भेटून राह्यला ते."

मी ते काढलं. माझ्या हातानं, चांगला फॉन्ट वापरून.

आपल्याकडे एखाद्याच्या कामाची किंमत चुकवायची नसेल तर त्याला शाल पांघरतात. एकदा पांघरली की तो माणूस व्यवहारातून उठला. कार्यक्रमात अध्यक्षांनी मला मंचावर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला आणि माइक हातात घेतला. "नोकरी नाई, धंदा नाई, घरी बसून आहे," ते म्हणाले, "पन या मानसानं कधी पैशाले हात लावला नाई. पैशाची गोष्ट काढली तर याले राग येते." मला एकदाही तशी संधी मिळाली नव्हती. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेत जिनिंगवाले सगळ्यात जोरात वाजवत होते. बायको बायकांच्या बाजूला बसली होती. तिचे हात मांडीवर होते.

कार्यक्रम संपल्यावर मी जिनिंगवाल्यांकडे गेलो. मी काही बोलायच्या आत ते माझ्या पाया पडायला वाकले. ते माझ्याहून वयानं बरेच मोठे होते.

"तुमच्या ऑफिसच्या कामाबद्दल बोलायचं होतं," मी म्हणालो.

"लाजवू नका, भाऊ," ते म्हणाले. "मले काय मालूम तुमी असे आहा. तुमाले पगाराचं इचारलं, माहीच चूक झाली. नागपूरचा एक पोरगा ठेवतो मी. त्याले पैसा पायजे, तो नोकर मानूस. तुमची गोष्ट येगळी."

"माझीही तीच गोष्ट आहे," मी म्हणालो.

ते हसले. बाजूला उभे असलेले दोघंतिघंही हसले. विनम्रपणा म्हणून त्यांनी ते घेतलं.

"आमच्या गोशाळेचं पत्रव्यवहाराचं लय पडून आहे," ते हळू आवाजात म्हणाले. "पुन्याईचं काम आहे. तुमच्या हातून झालं तर..."

तोवर अध्यक्षही येऊन उभे राहिले होते. त्यांनी माझ्या खांद्यावरची घसरलेली शाल नीट केली. "होईन ना," ते माझ्या वतीनं म्हणाले. "हे कोनाले नाई म्हनत नाई."

सगळे माझ्याकडे पाहत होते. मी हो म्हणालो.