पिलाताच्या हातावरचं पाणी

आमच्या मारिंदुके बेटावर गुड फ्रायडेच्या नाटकात माझा धाकटा भाऊ एलिसेओ बारा वर्षं पिलाताचं काम करतोय. येशू निर्दोष आहे हे कळूनही वरच्यांना भिऊन 'माझा संबंध नाही' म्हणत हात धुणारा सुभेदार तो. आवाज मीच बसवून घेतलाय. तीन गावांत असा पिलात दाखवा! एरवी तो पालिकेचा पंप चालवायचा. पिलाताच्या हातावर पाणी घालायचा नवस बेर्तो कोळ्याचा; दुसरं कुणी त्या घंगाळाला शिवत नाही.

यंदा मेयरचं गोदाम जळालं आणि पोलिसांनी बेर्तोला धरलं, कारण तो किनाऱ्यावरची जागा मेयरला देत नव्हता. आग लागली तेव्हा तो एलिसेओबरोबर जाळं विणत होता.

तालमीत मेयरचा माणूस एलिसेओकडे कागद घेऊन आला. "खोटं कुठं बोलायचंय? 'बेर्तो कुठं होता मला माहीत नाही' एवढंच लिही. नोकरी टिकेल."

मी म्हटलं, "लिही बाबा, पोरं आहेत तुला."

"कुया, मोठा भाऊ म्हणून तुझं सगळं ऐकतो," तो म्हणाला, "पण बारा वर्षं स्टेजवर हेच करतोय. घरी पण करू?"

त्यानं लिहिलं, 'बेर्तो माझ्याजवळ होता.'

दुसऱ्याच दिवशी नोकरी गेली. बेर्तो गुरुवारी सुटला. शुक्रवारी पाणी ओतताना तो एलिसेओच्या तोंडाकडेच बघत राहिला, आणि अर्धं पाणी पिलाताच्या झग्यावर सांडलं. सगळे हसले. पहिल्या रांगेतला मेयर तेवढा हसला नाही.

आता एलिसेओ माझी ट्रायसिकल रिक्षा चालवतो. गावात कुणालाही विचारा, पिलाताचा मोठा भाऊ कोण ते.